‘घायल’ची दोन पर्वे

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मारधाडीच्या हिंदी चित्रपटाचा विषय अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु तुमसर भागातील मँगनीज खाणींचा कामगार, घरी बसून विड्या वळणारी स्त्री, धानाच्या बांधीत राबणारा शेतकरी यांना ‘अन्याय झाला तर दाद कोठे मागावयाची?’ या प्रश्नाचे उत्तर पक्षाच्या पत्रकापेक्षा पडद्यावरून अधिक वेळा मिळालेले असते. ते उत्तर काय आहे आणि काळानुसार ते बदलले की नाही, हे तपासणे राजकीय कार्यकर्त्याचेच काम आहे. त्या दृष्टीने ‘घायल’ (१९९०) आणि तब्बल पंचवीस वर्षांनंतर आलेला त्याचा उत्तरार्ध ‘घायल वन्स अगेन’ (२०१६) ही जोडी उद्बोधक आहे. दोन्हींचा नायक अजय मेहरा, दोन्हींचे गाव मुंबई.

पहिल्या ‘घायल’चे दिग्दर्शक राजकुमार संतोषी यांनी गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’साठी (१९८३) सहायक म्हणून काम केले होते. ‘अर्धसत्य’च्या मुळाशी श्री. दा. पानवलकरांची कथा आणि विजय तेंडुलकरांची पटकथा होती. त्यातील फौजदार वेलणकर साकारणारे ओम पुरी ‘घायल’मध्ये जो डिसोझा या प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत आले. हा वारसा केवळ नटापुरता नव्हता. ‘घायल’मध्ये कायद्याची दारे एकामागून एक बंद होताना दिसतात. भाऊ नाहीसा होतो, पोलीस दखल घेत नाहीत. भावाच्या खुनाचा आरोप अजयवरच येतो. न्यायालयात भावजयीची अब्रू वेशीवर टांगली जाते आणि ती जीव देते. अमरीश पुरींचा बलवंत राय हा प्रतिष्ठित उद्योगपती, आणि त्या प्रतिष्ठेआड मादक द्रव्यांचा व्यापार. नायक शस्त्र उचलतो तेव्हा ते समर्थनीय वाटत नाही, पण समजते. ज्या समाजात नागरिकाच्या हाती दाद मागण्याचे साधन उरलेले नाही, तेथे मूठ आवळली जाते, एवढे सत्य त्या चित्रपटाने प्रामाणिकपणे सांगितले.

मधल्या पंचवीस वर्षांत देशाची अर्थव्यवस्था पालटली. सुवर्णनियंत्रण कायदा १९९० सालीच रद्द झाला आणि १९९१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले. निर्बंधांच्या फटीत वाढलेला, हिंदी पडद्यावरचा तो ओळखीचा तस्कर कालबाह्य झाला. मुंबईत सत्तेचे केंद्र जमिनीकडे सरकले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. तो संप मोडून पडला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीच्या विकासाची वाट मोकळी केली, २००१ च्या दुरुस्तीने त्यातील सार्वजनिक वाटा आकसला. आणि जेथे भोंगा वाजत होता तेथे मॉल व मनोरे उभे राहिले.

उत्तरार्धाच्या कथाकल्पनेने हा बदल नेमका हेरला आहे, हे मान्य केले पाहिजे. नरेंद्र झा यांनी रंगविलेला राज बन्सल चोरटा व्यापार करीत नाही. त्याला त्याची गरजच नाही. तो उजळ माथ्याने वावरणारा धनाढ्य आहे आणि गृहमंत्री त्याच्या शब्दाबाहेर नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नायकाच्या बाजूची साधनेही बदललेली आहेत. तुरुंगवास भोगून आलेला अजय आता ‘सत्यकाम’ नावाने शोधपत्रकारिता करतो, आणि निवृत्त झालेला डिसोझा माहितीच्या अधिकाराचा कार्यकर्ता बनला आहे. पहिल्या चित्रपटात जे दार नव्हतेच, ते दार येथे उघडे आहे.

आणि येथेच उत्तरार्ध ढासळतो. बन्सलचा मुलगा डिसोझाचा खून करतो, चार तरुणांच्या हाती त्याचे चित्रीकरण लागते, आणि त्यानंतरचा मोठा भाग पाठलागात जातो. त्यासाठी हॉलिवूडचे साहसदृश्यांचे दिग्दर्शक डॅन ब्रॅडली यांना पाचारण केले होते. त्या दृश्यांचे कसब निर्विवाद आहे. पण डिसोझाने कोणती कागदपत्रे मागविली होती, त्यांत कोणाचे हितसंबंध गुंतले होते, त्यांचे पुढे काय झाले, याची चित्रपटाला फिकीर नाही. वृत्तपत्र हाती असलेला संपादक शेवटी मुठीवरच विसंबतो. १९९० चा अजय एकटा होता, कारण व्यवस्थेने त्याला एकटे पाडले होते. २०१६ चा अजय एकटा आहे, कारण पटकथेला तो एकटा हवा आहे. म्हणून ‘उत्तरार्ध मूळ कृतीच्या तोडीचा आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. त्याने शत्रू बरोबर ओळखला, पण त्याच्याशी लढण्याची नवी रीत दाखविण्याची वेळ येताच जुन्या रीतीकडे पाठ फिरवून पळ काढला नाही, तर तिचाच आश्रय घेतला.

हा दोष करमणुकीचा म्हणून सोडून देता येत नाही. माहितीचा अधिकार कोणा एका शूराने मिळविलेला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगावी जनसुनावण्या घेतल्या, १९९६ साली ब्यावरला धरणे धरले. महाराष्ट्रात आंदोलनानंतर २००२ चा कायदा आला आणि २००५ मध्ये केंद्राचा. त्या कायद्याची किंमतही महाराष्ट्राने मोजली आहे. जमीनव्यवहारांवर प्रकाश टाकणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे खून झाला. पडद्यावरचा डिसोझा काल्पनिक आहे. त्याच्यासारखे मरण मात्र काल्पनिक नाही. अशा माणसाचा मृत्यू केवळ नायकाच्या संतापाला निमित्त ठरतो, तेव्हा त्याचे काम दुसऱ्यांदा मारले जाते.

भंडारा जिल्ह्याला याचे मर्म वेगळे सांगावयास नको. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ साली बसली, म्हणजे पहिल्या ‘घायल’च्याही दोन वर्षे आधी. मूळ ३७२ कोटींचा अंदाज पुढे अठरा हजार कोटींवर गेला. विदर्भातील सिंचनाच्या खर्चाचा हिशेब न्यायालयापुढे नेला तो कोणा मुष्टियोद्ध्याने नव्हे. नागपूरच्या ‘जनमंच’ने २०१२ साली जनहित याचिका दाखल केली, आणि प्रकल्पग्रस्तांनी वर्षानुवर्षे मोर्चे व धरणी यांतून पुनर्वसनाचा प्रश्न जिवंत ठेवला. हे काम संथ आहे, कंटाळवाणे आहे, त्यात टाळ्या पडत नाहीत. पण फाईल उघडते ती त्यानेच.

कष्टकऱ्याने चित्रपट पाहू नये, असा उपदेश करण्याचे कारण नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला पडद्यावर तरी अन्याय करणारा धूळ चाटताना दिसावा, ही इच्छा तुच्छ नाही; ती न्यायाचीच भूक आहे. कार्यकर्त्याचे काम त्या भुकेला हिणविण्याचे नव्हे, तर चित्रपट संपल्यावर एक प्रश्न विचारण्याचे आहे : डिसोझाचे अर्ज आता पुढे कोण चालविणार? त्या प्रश्नाला गावातून एकाऐवजी पन्नास हात वर झाले, तर पडद्याने अर्धवट सोडलेला उत्तरार्ध तेथे पुरा होईल.