वाळीत टाकलेला नागरिक

मानवी हक्क म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीस कोठडी येते, सरकार येतं. पण माणसाचा हक्क त्याची स्वतःची जातही हिरावून घेते. नाशिकजवळ ओझरला 1964 पासून विमानांचा कारखाना आहे. अशा नोकरीनं पोटापाण्यासाठी जातीचं तोंड बघावं लागत नाही. मुलीची सोयरीक आणि मयताला खांदा यांसाठी मात्र माणूस भावकीकडेच वळतो. पंचांची ताकद तिथे असते. नाशिकमध्ये 2013 साली आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानंच जीव घेतला आणि जातपंचायतीचा दबाव चर्चेत आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम इथूनच उभी केली. एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि जुलै 2017 पासून तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कुणाला पंक्तीला बसवावं हे कायद्यानं का सांगावं, असा आक्षेप येतो. तो पोकळ नाही. मुंबई राज्यानं 1949 साली केलेला बहिष्कारबंदीचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं 1962 साली दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात रद्द केला. धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचं स्वातंत्र्य आहे, असं बहुमतानं ठरलं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात राहिले. पुढे 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं तो निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे धाडला. मला सिन्हांची बाजू पटते. शेजाऱ्याशी आपण अबोला धरला, तर तो आपला प्रश्न. पण ‘त्याच्याशी बोलाल तर दंड भरा’ असं पंचांनी फर्मावलं, की ज्याला बोलायचंय त्याचंही स्वातंत्र्य गेलं. डॉ. आंबेडकरांनी हे गोलमेज परिषदेच्या काळातच ओळखलं होतं. बहिष्कार गुन्हा ठरवा, ही मागणी करताना त्यांनी ब्रह्मदेशातल्या 1922 च्या कायद्याचा आधार घेतला होता.

2016 च्या कायद्यात तडजोडीला वाव आहे, म्हणून तो मवाळ, असंही म्हणतात. मला ते जाचत नाही. तडजोडीला पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही लागतात. आणि ज्याला त्याच गावात दिवस काढायचे आहेत, त्याला पंच तुरुंगात जाण्याहून फर्मान मागे घेतलं जाणं जास्त मोलाचं वाटू शकतं. घोडं अडतं ते पुराव्याशी. फर्मान तोंडी निघतं, कागद कुठेच नसतो. साक्षीदार त्याच जातीतला, आणि त्यानं न्यायालयात तोंड उघडलं की वाळीत पडायची पाळी त्याची.