उभें विमान आणि त्याच्या भोंवतालचा शिष्टाचार

विमान आकाशांत असतांना सर्वांनाच त्याची काळजी वाटते. तें उतरून थांबलें कीं भय टळलें असें समजून माणसें निश्चिंत होतात. लहान विमानतळावर ही निश्चिंती महाग पडते. धावपट्टीशेजारच्या फरसबंद पटांगणांत वैमानिक, शिकाऊ विद्यार्थी, इंधन भरणारा कामगार आणि पाहुणे हे सारे एकत्र वावरतात. वाट दाखविणारा स्वतंत्र नोकर तेथें बहुधा नसतो; शिस्त ज्याची त्यानेंच पाळावयाची असते.

पहिली गोष्ट बांधणीची. बैल दाव्याला बांधल्यावांचून शेतकरी अंथरुणाला पाठ लावीत नाहीं. चार आसनांच्या सेस्ना १७२ या विमानाचें रिकामें वजन सुमारें ७५० किलो, म्हणजे थोराड बैलजोडीएवढेंच. पंखांचा विस्तार मात्र ११ मीटर. पंखांवरून वारा पुरेशा वेगानें वाहिला कीं ते उचलूं लागतात. विमान उडत आहे कीं उभें आहे, हें वारा विचारीत नाहीं. म्हणून विमानाचें नाक शक्य तों वाऱ्याकडे ठेवावें, चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावे, आणि दोन्ही पंख व शेपटी जमिनींतील कड्यांना दोरांनीं बांधावीं. केवळ ब्रेकवर विसंबूं नये. उष्णतेच्या फरकानें वा गळतीनें त्याचा दाब बदलतो. मॅनिला जातीचा दोर भिजला म्हणजे आखडतो व पंखाला ताण देतो. नायलॉनचा दोर बरा. ज्या जुहूच्या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेथें पावसाळ्यांत पाणी साचे. म्हणून त्या दिवसांत टाटांचीं विमानें पुण्याहून उडत. ऋतु ओळखून वागण्याचा हा धडा उभ्या विमानालाही लागू आहे.

दुसरी गोष्ट नाकावरच्या पंख्याची. जोरानें फिरणारा पंखा जवळजवळ अदृश्य होतो. थांबलेलाही निर्धोक नव्हे. ठिणगी देणारा मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतो; त्याला बंद ठेवणारी तार तुटली असेल तर पंखा हातानें हलवितांच इंजिन पेटूं शकतें. त्यामुळें उभा पंखाही फिरताच मानावा. इंजिन सुरू करणारानें प्रथम इशाऱ्याचा दिवा लावावा, मोठ्यानें पुकारावें, आणि चोहोंकडे पाहून क्षणभर थांबावें. पुकारा व कळ फिरविणें एकाच वेळीं झालें तर पुकाऱ्याला अर्थ उरत नाहीं. अशा विमानाकडे पाहुण्यांना पंखांच्या मागून न्यावें. हेलिकॉप्टरची रीत उलट: त्याच्या शेपटीकडे कदापि जाऊं नये, वैमानिकाच्या दृष्टीसमोरून, त्याची खूण मिळाल्यावरच जावें.

तिसरी गोष्ट शेजारधर्माची. पंख्याचा झोत मागें फेंकला जातो. उघड्या हँगरकडे शेपटी करून इंजिन वाढविलें तर धूळ व खडे दुसऱ्याच्या विमानावर जातात. जमिनीवरचा एखादा खडा पंख्याला लागून टवका उडतो, आणि त्या टवक्यापासूनच पुढें चीर वाढते. म्हणून पडलेला खिळा वा स्क्रू दिसेल त्यानें उचलावा.

परक्याच्या विमानाला विनापरवाना हात लावूं नये, हा सर्वसाधारण नियम. परंतु वादळ येत असतां शेजारच्या विमानाचा दोर सुटलेला दिसला, तर मालकाला तत्काळ कळवावें. मालक जवळ नसेल तर विमानतळाच्या अधिकाऱ्याला सांगून तो बांधवावा. सुटलेलें विमान प्रथम शेजाऱ्यावरच आदळतें.