माउली म्हणून हाक



साल १८९३. आगगाडीचा डबा.
एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला.

टिळक वाचत गेले.
डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले… आणि पुस्तक खाली ठेववेना.
१८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. त्यांचे ते दुःख ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात आजही वाचवत नाही. पुढे त्या परतल्या, आणि स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या.

आता येशूशी बोलायचे कसे?
टिळकांनी घरची भाषा निवडली.
तुकोबांचा अभंग त्यांच्या ओळखीचा. त्याच चालीवर त्यांनी येशूला आळवले. त्याला गुरू म्हटले… माउली म्हटले.
हो, श्रोतेहो, घरची भाषा! परक्या शब्दांत अडखळणारी प्रार्थना तिथे मोकळी झाली. नाते जवळचे झाले, ते इथे.

मराठी चर्चमध्ये त्यांची भजने आजही गायली जातात.

‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य मात्र अपुरे राहिले. १९१९ साली टिळक गेले.
पुढचे अध्याय लिहिले… लक्ष्मीबाईंनी.