दानाआधीचे देणे

म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी दिलेल्या जमिनीवर 1882 साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेली व्हाइटफील्ड ही शेतकरी वसाहत आज बंगळुरूची संगणक-उद्योगनगरी झाली असून, तेथे निर्माण झालेली संपत्ती समाजाकडे कशी परतावी, हा प्रश्न तेथील रहिवाशांच्या रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते आणि या खर्चाला सामाजिक उत्तरदायित्व, अर्थात सीएसआर, म्हणतात. कायद्याने भाग पाडलेला खर्च दान ठरत नाही. तरीही त्याच्या पाट्यांवर देणगीदाराचेच नाव झळकते.

व्हाइटफील्डलगतच्या वर्तूर तलावात बेळ्ळंदूर तलावातून येणारे शहराचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी सांडव्यावरून कोसळताना घुसळले जाई, त्यातील डिटर्जंटचा दुर्गंधीयुक्त पांढरा फेस वाऱ्याबरोबर उडून दुचाकीस्वारांच्या अंगावर पडत असे आणि अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला या तलावांच्या प्रश्नात हस्तक्षेप करावा लागला. ज्याचे सांडपाणी तलावात गेले, मग तो उद्योग असो वा गृहसंकुल, त्याने काठावर झाडे लावणे व बाके बसवणे म्हणजे थकलेल्या देण्याचा अंशतः भरणा होय, आणि त्याबद्दल वर्तूरकरांनी आभार मानावेत ही अपेक्षा अन्याय्य आहे.

याहून वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न खऱ्याखुऱ्या दानाचा आहे. जवळच्याच सर्जापूर रस्त्यावर मुख्यालय असलेल्या विप्रोचे अझीम प्रेमजी यांनी मार्च 2019 मध्ये कंपनीच्या 34 टक्के समभागांचे, म्हणजे सुमारे 52,750 कोटी रुपयांच्या समभागांचे, आर्थिक लाभ धर्मादाय कार्यासाठी कायमचे सोडले. त्यांची संस्था मुख्यतः सरकारी शाळांतील शिक्षकांबरोबर काम करते, आणि ही निवड विशेष मोलाची आहे, कारण त्यामुळे सार्वजनिक व्यवस्थेला पर्याय उभा न राहता तिलाच बळ मिळते. तथापि, कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या विषयावर खर्च व्हावा, हे ठरवणाऱ्या खासगी विश्वस्तांना मतदार बदलू शकत नाहीत. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव मानून सांभाळावी, ही गांधीजींची विश्वस्ताची कल्पना येथे पुरेशी पडत नाही. ठेव ज्यांची आहे त्या पालकांना आणि शिक्षकांना खर्चाच्या निर्णयात मताचा अधिकार असला पाहिजे, आणि तो उद्योजकाच्या हयातीतच, त्याच्या संस्थेच्या नियमावलीत लिहिला गेला पाहिजे.