विमानाचे तिकीट आणि विमानाची चाकरी

विमानाचे तिकीट स्वस्त झाले म्हणजे विमानकंपनीतील नोकराच्या पोटाला चिमटा बसलाच पाहिजे, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. तिकीट घेणारा आणि विमानावर चाकरी करणारा हे जणू एकाच भाकरीचे दोन वाटेकरी. एकाच्या ताटात अधिक पडली की दुसऱ्याच्या ताटात कमी पडणार. ही समजूत दिसावयास सरळ आहे, म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे. ठाण्याच्या खाडीपलीकडील कळव्यासारख्या गावी तर ही तपासणी आज विशेष अगत्याची आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नव्या मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. अशा वेळी विमानात बसण्याची गोष्ट राहो, पण विमानतळावर आपल्या मुलामुलींची सोय लागेल काय, हा विचार तेथील आईबापांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

अर्थशास्त्राची परिभाषा क्षणभर बाजूस ठेवून कळव्याचाच दाखला घेऊ. स्टेशनाबाहेर भाजीवाले ओळीने बसलेले असतात. एकाने मेथीच्या जुडीचा भाव चढवला तर गिऱ्हाईक दोन पावले पुढे सरकते, आणि भाव चढवणाऱ्याला ते ठाऊक असते. एवढे सर्वांनाच कळते. परंतु नोकरीच्या बाजारातही हीच दोन पावले निर्णायक असतात, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. १९६० नंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांची रांग उभी राहिली, तेव्हा कळव्याच्या फिटरला व टर्नरला ती सोय मिळाली. एका फाटकावर मुकादमाशी बिनसले तर डबा उचलून पुढच्या फाटकावर जाता येई, कारण लेथ सगळीकडे लेथच. पुढे त्यांतील पुष्कळ फाटके बंद झाली. हातातले कसब तेच राहिले, पण त्याची किंमत उतरली. पगार मालकाच्या दयेवर ठरत नाही आणि निव्वळ कसबावरही ठरत नाही. ते कसब विकत घेणारी फाटके किती आहेत, यावर तो बराचसा अवलंबून असतो.

केंब्रिज येथील अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथात ह्या अवस्थेचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. विकणारा एकच असला तर ती मक्तेदारी, हे जुनेच ज्ञान होय. परंतु विकत घेणारा एकच असला तर तीही मक्तेदारीच, फक्त तिचे तोंड उलट दिशेस. विमानकंपनी एकाच वेळी दोन बाजारांत उभी असते. एका बाजारात ती आसने विकते व दुसऱ्यात माणसांचे श्रम विकत घेते. कंपन्यांची संख्या घटली की दोन्ही बाजार एकदमच अरुंद होतात. प्रवाशास तिकीट महाग पडते आणि नोकरास आपले कसब स्वस्तात द्यावे लागते. तेव्हा हे दोघे परस्परांचे वैरी नसून पुष्कळदा एकाच कोंडीत सापडलेले सोबती असतात.

ह्या देशात ही कोंडी काही काळ कायद्यानेच घातलेली होती. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेथून आपल्या नियमित विमानवाहतुकीचा प्रारंभ मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची जुनी डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि कंपन्यांचे पीक आले. कित्येकींना प्रवासीच पुरेनात. १९५३ साली सरकारने आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स निर्माण केली. देशाबाहेरच्या वाहतुकीसाठी एअर इंडिया वेगळी राहिली. त्यानंतर चाळीस वर्षे देशातल्या देशात जाणाऱ्या प्रवाशास एकच दुकान होते व वैमानिकास एकच धनी. हा कायदा १९९४ साली रद्द झाला. पण त्याआधीच, १९९२-९३ मध्ये, ईस्ट-वेस्ट, जेट एअरवेज अशा खासगी कंपन्यांची विमाने उडू लागली होती. २००३ मध्ये एअर डेक्कनने आगगाडीच्या वरच्या वर्गाशी बरोबरी करणारी तिकिटे काढली, आणि २००५-०६ मध्ये स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो अशा कंपन्या एकामागून एक आल्या. त्या दोन-चार वर्षांत तिकिटे स्वस्त होती आणि त्याच वेळी वैमानिक व हवाई सेविका यांना मागणी एवढी होती की कंपन्या एकमेकींची माणसे अधिक पगार देऊन पळवीत. आरंभी सांगितलेली समजूत येथेच लंगडी पडते.

ह्यानंतर मुंबईत घडलेला एक प्रसंग फार बोलका आहे. १३ ऑक्टोबर २००८ रोजी जेट एअरवेज आणि किंगफिशर ह्या हाडवैरी कंपन्यांनी हातमिळवणी जाहीर केली. देशांतर्गत वाहतुकीचा निम्म्याहून अधिक वाटा त्या दोघींकडे होता. इंधनाची खरेदी, जमिनीवरची कामे, मार्गांची आखणी, एवढेच नव्हे तर विमानावरील माणसांचा उपयोगही संगनमताने करावयाचा, असे ठरले. त्याच आठवड्यात जेटने सुमारे ८०० तरुण कर्मचाऱ्यांस एकाएकी घरी बसवले. एकूण १,९०० जणांस काढावयाचे होते. गणवेशातील मुलेमुली विमानतळावर घोषणा देत उभी राहिलेली मुंबईने पाहिली. राजकीय पुढारी मध्ये पडले, आणि एक-दोन दिवसांतच कंपनीने हुकूम मागे घेतला.

वृत्तपत्रांनी ह्याचे श्रेय राजकारणास दिले, तेही खोटे नव्हे. खनिज तेलाचा भाव त्या जुलैत पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढला होता आणि सप्टेंबरपासून जगभर मंदीचे वारे होते. तेव्हा नोकरकपातीचे सारे खापर हातमिळवणीवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु त्या मुलामुलींची खरी अडचण कोणती होती? एरव्ही जेटने काढले तर त्यांनी जाऊन उभे राहावयाचे ते किंगफिशरच्या दारात. त्या आठवड्यात दोन्ही दारांची किल्ली एकाच जुडग्यात गेली होती.

स्पर्धा म्हणजे सर्वस्वी पुण्यच, असेही मानण्याचे कारण नाही. खर्चाखाली तिकिटे विकून प्रतिस्पर्ध्यास बुडविण्याची शर्यत लागली म्हणजे शेवटी कोणीतरी बुडतोच, आणि त्याचे नोकर आधी बुडतात. किंगफिशरचे उड्डाण ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबले, तेव्हा नोकरांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. जेटचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी रात्री अमृतसरहून मुंबईस आले. शंभराहून अधिक विमाने बाळगणारी ती कंपनी. तिचे पंधरा हजारांहून अधिक नोकर उघड्यावर पडले. कंपनी पुन्हा उभी राहील ह्या आशेवर प्रकरण पाच वर्षांहून अधिक काळ रेंगाळले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून देणी भागविण्याचा आदेश दिला.

ह्या घटनेत एक बारकावा आहे. वैमानिकाचा परवाना सरसकट नसतो. तो विमानाच्या जातीशी बांधलेला असतो. जेटच्या वैमानिकांपैकी बहुतेक बोइंग ७३७ जातीचे विमान चालवीत. इंडिगो व गोएअर ह्यांच्याकडे प्रामुख्याने एअरबस. जातीबदलाचे शिक्षण घ्यावयाचे तर काही महिने मोडतात आणि लाखो रुपये लागतात. म्हणून वर्तमानपत्रात पाच-सहा कंपन्यांची नावे दिसत असली तरी जेटच्या कॅप्टनला प्रत्यक्षात उघडी दारे मुख्यतः स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस अशी थोडीच. स्पाइसजेटने जेटची काही विमाने आणि बरीच माणसे घेतलीही, पण पुष्कळांना पूर्वीपेक्षा कमी पगारावर जावे लागले. देखभाल करणाऱ्या अभियंत्याचीही तीच कथा. कळव्याच्या फिटरचा लेथ सगळीकडे लेथच होता. ह्यांचे तसे नव्हते.

त्यात मुदतीच्या सूचनेचा नियम. २०१७ साली नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ठरविले की नोकरी सोडताना कॅप्टनने एक वर्षाची व सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना दिली पाहिजे. कंपन्यांचे म्हणणे असे की, वैमानिक तयार करण्यास वेळ लागतो. तो एका रात्रीत गेला तर तिकीट काढलेल्या उतारूंचे काय? हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. २०२३ मध्ये ४३ वैमानिक मुदत न पाळता सोडून गेले, तेव्हा आकासा एअर ह्या नव्या कंपनीस उड्डाणे रद्द करावी लागली आणि ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यास दुसरीकडे जाण्यास एक वर्ष थांबावे लागते, त्यास चढा पगार देण्याची घाई त्याच्या धन्यास कशास होईल? आणि दुसरा धनी तरी वर्षभर जागा रिकामी ठेवून वाट कशास पाहील? भाजीच्या ओळीत दोन पावले सरकण्यास जर वर्ष लागते, तर मेथीचा भाव काय झाला असता, ह्याची कल्पना करावी.

वैमानिकांची ही गोष्ट झाली. विमानतळावर सामान चढविणाऱ्या-उतरविणाऱ्यांचा बाजार अगदी निराळा आहे. तेथे कसब थोडे व माणसे अपार. १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कालिना येथे दोन हजारांच्या आसपास अशा जागांसाठी भरती होती. इतके हजार तरुण लोटले की गर्दी आवरेना, आणि अखेर अर्ज ठेवून घरी जाण्यास सांगावे लागले. त्या रांगेत पदवीधरही होते. ह्या कामात पुष्कळसे नोकर विमानकंपनीचे नसून मध्यस्थ संस्थेचे असतात व करार मुदतीचा असतो. ह्यांच्यासाठी विमानकंपन्या दोन असोत की सहा, रांग एवढी लांब असेतोवर पगारात फारसा फरक पडावयाचा नाही. सगळ्या चाकरमान्यांना एकच औषध लागू पडते असे समजणारे येथे फसतात.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात प्रवासी आणि वैमानिक एकाच कोंडीत कसे असतात, ते सर्व देशास दिसले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास, आणि रात्री विमान उतरविण्यावर कडक मर्यादा. ते नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे अमलात आले. देशातील दहांपैकी सहांहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या इंडिगोने तेवढी माणसे तयार ठेवली नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. इतर कंपन्यांची तिकिटे अवाच्या सवा चढली, आणि सरकारला ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरांच्या पुढे १८,००० रुपये अशा कमाल मर्यादा बांधून द्याव्या लागल्या. आणखी एक गोष्ट घडली, ती अधिक विचार करण्यासारखी आहे. त्या कंपनीपुरते विश्रांतीचे काही नियम सरकारने तात्पुरते सैल केले. कंपनी लहान असती तर नियमापुढे कंपनी वाकली असती. येथे नियम वाकला. वैमानिकाची झोप आणि प्रवाशाचे तिकीट ही दोन्ही एकाच ठिकाणी अडकली होती.

आता नव्या मुंबईच्या विमानतळाकडे वळू. कळव्याच्या माणसास तो सोयीचा आहे, ह्यात संशय नाही. सांताक्रूझ-सहारखेरीज दुसरे दार उघडले. मात्र दार दुसरे असले तरी धनी दुसरा नाही. मुंबईचा जुना विमानतळ व हा नवा, दोन्ही एकाच अदानी समूहाकडे आहेत. नव्यात सिडकोचा वाटा २६ टक्के. आणि उड्डाणे करणाऱ्या कंपन्याही त्याच: इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, आकासा. विमानतळ वाढल्याने कामे वाढतील. ती कामे देणारी फाटके त्याच प्रमाणात वाढतील, असे मात्र धरून चालू नये.

तेव्हा मुलीच्या वा मुलाच्या विमानविद्येसाठी कर्ज काढू पाहणाऱ्या घराने शिक्षणसंस्थेच्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा थोडी निराळी चौकशी करावी. मिळणारा परवाना कोणत्या जातीच्या विमानाचा, आणि ती जात आज किती कंपन्यांच्या ताफ्यात आहे? नेमणूक खुद्द कंपनीची की मध्यस्थाची? शिक्षणखर्चाच्या बदल्यात किती वर्षांचा बाँड लिहून द्यावयाचा, आणि सोडताना किती महिन्यांची सूचना? ही उत्तरे संस्थेच्या कचेरीत तोंडी न घेता लेखी मागावी, आणि ती हाती येईपर्यंत पहिला हप्ता भरू नये.