गुंठ्यातली वाडी, हेक्टरातली भरपाई



आम्ही रायगड जिल्ह्यातल्या, श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. हे भाषण एकीने लिहिलेलं नाही. सगळ्यांनी बसून सांगितलं, जिचं अक्षर बरं तिने उतरवलं. तेव्हा वाचताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

निसर्ग वादळाला २०२५ च्या ३ जूनला पाच वर्षं झाली. नाव काय, तर निसर्ग! हे नाव म्हणे बांगलादेशाने सुचवलेलं. आमच्यातली एक म्हणते, नाव ठेवणाऱ्याने निदान बारसं आमच्या अंगणात करायला नको होतं.

३ जून २०२० ला बुधवार होता. आधीच करोनाची टाळेबंदी, मुंबईचे चाकरमानी गावी आलेले, काही शाळेत विलगीकरणात. आणि त्याच शाळेत कच्च्या घरातल्या माणसांना आसऱ्याला न्यायचं. तोंडाला पदर बांधून म्हाताऱ्यांना हाताला धरून नेलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. एका अंगाने झोडपून काढलं, मग मध्येच एकदम शांत झालं. घरातले पुरुष बाहेर डोकावायला निघाले, त्यांना आम्ही ओढून आत घेतलं. चक्रीवादळ भोवऱ्यासारखं फिरतं. मधला भाग, ज्याला डोळा म्हणतात, तो डोक्यावर आला की वारा पडतो आणि तो पुढे सरकला की उलट्या अंगाने वारा सुटतो. तसंच झालं. पहिल्या झोतात जी झाडं नुसती हलली होती, ती दुसऱ्या झोतात मोडली. आवाज अजून कानात आहे. पोफळ मोडते तेव्हा फटाक्यासारखी मोडते, आणि त्या दिवशी फटाके तास-दीड तास थांबले नाहीत.

माणसं वाचली, हे आधी कबूल करायला हवं. ओडिशात १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये महाचक्रीवादळ आलं तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. आमच्याकडे आधी सूचना मिळाली, माणसं हलवली, म्हणून जीव वाचले. त्यामुळे वादळ चार दिवसांत बातम्यांतून गेलं. आमच्या घरांतून मात्र गेलं नाही.

जूनचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे आगोट भरून झालेली असते. वर्षाचे तांदूळ, सुके बोंबील, जवळा, सोडे, आमसुलं, पापड, लाकूडफाटा. कौलं उडाली, पत्रे उडाले, आणि हे सगळं भिजलं. भिजलेल्या सुक्या मासळीचा वास ज्यांनी घेतला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. विजेचे खांब आडवे झाले होते, गावं कित्येक दिवस अंधारात होती. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे विहिरीवर दोर आणि कळशी. गिरणी बंद. फोन बंद, त्यामुळे मुंबईच्या लेकीला आई जिवंत आहे हे कळायला चार-चार दिवस लागले. ताडपत्री मिळेना, मिळाली तर भाव दुप्पट. आणि वर पाऊस.

दोन दिवसांनी, ५ जूनला, वटपौर्णिमा होती. आमच्या गावचा वड उन्मळून पडला होता. पूजा करायची की नाही यावर चर्चा झाली. शेवटी काहीजणींनी पडलेल्या वडालाच दोरा गुंडाळला. हसूही आलं आणि रडूही.

आता मुख्य गोष्ट. ज्यांनी किनाऱ्यावरची वाडी पाहिली नाही, त्या घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगतो. आमची वाडी म्हणजे घरामागची पाच-दहा गुंठ्यांची जागा. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, सावलीत जायफळ, कडेला केळी. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. झाड पुरुष चढतो, घड तो उतरवतो. पण पुढे? सुपारी अंगणात महिना-दीड महिना वाळवायची, रोज पसरायची, दव पडायच्या आत गोळा करायची, मग असोली सुपारी सोलायची, निवडायची. झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधायचे. वाळल्या झावळ्या आणि विऱ्या चुलीला. मिरी तोडायची, जायपत्री वाळवायची. हे सगळं बाईच्या हातचं. शिवाय पर्यटक येतात, त्यांच्या जेवणाचं आणि दोन खोल्यांचं उत्पन्न, तेही वाडीच्या सावलीवरच. उन्हात भाजणाऱ्या मोकळ्या जागेत कोण राहायला येणार?

वादळानंतर पंचनामे झाले. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, दोन हेक्टरपर्यंत. ऐकायला बरं वाटलं. मग आमच्यातल्या बारावी झालेल्या सुनेने हिशोब मांडला. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. पडलेली झाडं तोडायला करवतवाल्याला द्यावे लागले ते याहून जास्त. किनाऱ्यावर ओरड झाली, की हेक्टर मोजू नका, झाड मोजा. पुढे झाडाप्रमाणे मदत ठरली : माडाला २५० रुपये, पोफळीला ५० रुपये. पोफळी नऊ-नऊ फुटांवर लावल्या तर दहा गुंठ्यांत सव्वाशे-दीडशे बसतात. करा गुणाकार, सहा-सात हजारांच्या पुढे जात नाही. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि मग ती तीस-चाळीस वर्षं सहज पीक देते. गटातल्या एका आजींची वाडी त्यांच्या सासूने लावलेली. मोजणीला आलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, "बाळा, पन्नास रुपयांत मला नारळसुद्धा दोनच येतात."

शासनाला सगळंच भरून देता येत नाही, हे आम्हाला कळतं. गाऱ्हाणं वेगळं आहे. मिळालेले थोडे पैसेसुद्धा कुणाच्या हातात पडले, ते सांगायचंय.

मदत सात-बारावरच्या खातेदाराला. आमच्याकडे एकेका सात-बारावर दहा-पंधरा नावं. आजोबांच्या वेळची, काही माणसं वारलेली, काही मुंबईला, एखादा परदेशात. प्रत्येकाचं संमतीपत्र हवं. वाडी राखणारी, शिंपणारी, सुपारी सोलणारी घरची सून, तिचं नाव त्या पंधरांत नाही. आमच्यात तिघी विधवा आहेत. त्यांतल्या दोघींची वारसनोंद नवरा गेल्यावर कुणी केलीच नव्हती. एकीच्या दिराने पैसे घेतले, तिला ताडपत्री आणून दिली. ती म्हणाली, ताडपत्री तरी दिली. घराचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नाव ज्याचं, मदत त्याची.

आणि जिला वाडीच नाही तिचं काय? आमच्या गटात चारजणी दुसऱ्यांच्या वाडीत सुपारी सोलायला जाणाऱ्या. त्यांचं एकही झाड पडलं नाही, कारण झाड नव्हतंच. पण त्यांचं काम गेलं ते पाच-सहा वर्षांसाठी गेलं. पंचनाम्याच्या कागदावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता. मराठवाड्यातल्या मैत्रिणींना गारपिटीत हेच दिसलं असेल. पीक शेतमालकाचं जातं, मजुरी मजुराची जाते, आणि मोजलं जातं फक्त पीक.

यावरून गटात भांडणही झालं, ते लपवत नाही. शिल्लक रक्कम आधी कुणाला द्यायची? वाडीवाल्या म्हणाल्या, झाडं उचलल्याशिवाय काही लावता येणार नाही, आम्हाला द्या. या चौघी म्हणाल्या, तुमची वाडी उद्या उभी राहील, आमची चूल आज विझलीय. दोन बैठका बोलणंच बंद. मग असं ठरलं, की वाडी साफ करायला बाहेरचा मजूर आणायचा नाही. सावड करायची, पाळीपाळीने एकेकीची वाडी. आणि ज्यांना वाडी नाही त्यांना सावडीच्या बदल्यात सावड नको, रोख मजुरी. गटाचं पहिलं कर्ज त्या मजुरीसाठीच काढलं. सगळ्यांना पटलं असं नाही. एकजण गट सोडून गेली.

साफ केल्यावर कळलं, की उभी राहिलेली झाडंही धोक्यात आहेत. सावलीत वाढलेल्या पोफळीच्या खोडावर दुपारनंतरचं ऊन थेट पडलं की खोड भाजतं, तडकतं. जायफळाची पानं करपली. म्हणून आधी केळी लावल्या आणि केळीच्या सावलीत पोफळीची रोपं. केळीने वर्षभरात घड दिले, तेवढाच हातखर्च निघाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातेकडे गेलं. नुकते बसवलेले पत्रे पुन्हा हलले, पण रोपं लहान होती, वाकली आणि परत उभी राहिली.

या पाच वर्षांत आम्ही तिघींच्या वारसनोंदी करून घेतल्या. एकीला दोन वर्षं लागली. पाच घरांच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं चढली. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सात-बाऱ्यावर लागतं, पण आमच्याकडे सामाईक खात्यांमुळे ते घोडं अडलेलं आहे. आधी वाटण्या व्हायला हव्यात, आणि वाटणीचा विषय काढला की घरात दुसरं वादळ. तोवर एक करतो. प्रत्येक वाडीतली झाडं आम्ही स्वतः मोजून गटाच्या वहीत लिहितो : माड किती, पोफळी किती, धरत्या किती, मोबाइलवर फोटो. ई-पीक पाहणी आली तेव्हापासून सात-बाऱ्यावर सुपारी लागलीय ना, हेही बघतो. कितीतरी उताऱ्यांवर वाडी असून झाडांची नोंदच नव्हती. त्याच वहीच्या मागच्या पानांवर कोण कुणाच्या वाडीत किती दिवस कामाला गेली तेही लिहितो. त्या नोंदीला सरकारदरबारी काय किंमत, हे आम्हाला सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी रकाना नाही असं कुणी म्हणालं, तर दाखवायला पान असेल.

ऐकणाऱ्या गटांना एवढंच सांगणं, की या महिन्याच्या बैठकीला आपापल्या घरचा सात-बारा आणि नमुना ८ चा उतारा घेऊन बसा आणि नावं मोठ्याने वाचा. आमच्या बैठकीत वाचली तेव्हा सतरा उताऱ्यांत बाईचं नाव दोनदाच आलं होतं, आणि त्यातली एक वारलेली होती.

आजींच्या वाडीत वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी तीन झाडांना यंदा पहिल्यांदा फुलोरा आलाय. त्या रोज सकाळी जाऊन बघतात. अजून कुणाला हात लावू देत नाहीत.