कष्टकऱ्यांची आरोग्य तपासणी



बहरीन देशात मुहर्रक नावाचे बेट आहे. बुसैतीन हे गाव याच बेटावर आहे. पूर्वी इथले पाणबुडे मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारत. नाकाला चिमटा लावून, दगड बांधलेल्या दोरीत पाय अडकवून ते तळाशी जात. दिवसभर बुड्या मारून कान दुखत, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडी मारावीच लागे.

आज तिथे मजूर कडक उन्हात इमारती बांधतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी 12 ते 4 उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम 2007 साली झाला.

पण नुसती विश्रांती पुरत नाही. तपासणीही हवी, आणि तीही पुन्हा पुन्हा! यंत्रांच्या आवाजाने ऐकू येणे हळूहळू कमी होते. ते आपले आपल्याला समजत नाही. डॉक्टर मात्र मागची नोंद आणि आजची नोंद ताडून पाहतात. फरक लगेच कळतो.

भारतात 1987 साली धोक्याच्या कारखान्यांतील कामगारांसाठी वर्षातून एकदा तरी तपासणीची तरतूद कायद्यात झाली.

मुलांनो, तुमच्या घरी कोणी अंगमेहनतीचे काम करते ना? आज त्यांना विचारा, "तुमची तपासणी कधी झाली?" आणि सांगा, "दुखणे अंगावर काढू नका."